तळटीप : ‘विषाणू पांढऱ्या पेशी खातो’

१२. लेखकाचे हे विधान त्या काळच्या सर्वसाधारण समजुतीला धरून आहे, म्हणून संहितेत बदल केलेला नाही. एचआयव्ही सरसकट पांढऱ्या पेशींच्या मागे लागत नाही. त्याचे मुख्य लक्ष्य सीडी४ टी-पेशी. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्या घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की एड्स मानतात. कोडे असे होते, की मरणाऱ्या पेशींपैकी फारच थोड्यांत विषाणूची पैदास झालेली आढळे. मग बाकीच्या कशाने मरतात? सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतील वॉर्नर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी टॉन्सिलच्या ऊतींवर काम करून २०१० आणि २०१३ मध्ये याचे उत्तर दिले. विश्रांत पेशीत विषाणू शिरतो, पण आरएनएवरून डीएनए उतरवण्याचे त्याचे काम अर्धवट राहते. हे अपुरे डीएनए आयएफआय१६ हे प्रथिन हेरते, कॅस्पेज-१ हे विकर जागे होते आणि पेशी सुजून फुटते (पायरोप्टोसिस). म्हणजे घात करतो तो पेशीचा स्वतःचाच बचाव! त्यातून सांडलेल्या दाहकारक द्रव्यांमुळे नव्या सीडी४ पेशी तिथे ओढल्या जातात, आणि त्यांचीही तीच गत होते. विषाणू खरोखर वाढतो त्या मोजक्या पेशी मात्र कॅस्पेज-३ च्या मार्गाने, गाजावाजा न करता मरतात. काही स्मृतिपेशी तर मरतच नाहीत. विषाणूचे डीएनए पोटात बाळगून वर्षानुवर्षे जगतात. औषधे थांबवल्यावर विषाणू बहुधा काही आठवड्यांत परततो, तो यांच्यामुळेच. – संपा.