शब्दवेध : हजारा

मराठीतला ‘हजार’ फारसीतून आला. शिवकाळातल्या ‘पंचहजारी’ मनसबीतही तोच आहे. अफगाणिस्तानच्या मध्यभागातल्या डोंगराळ प्रदेशात, बामियानच्या परिसरात राहणाऱ्या हजारा समाजाचे नावही त्याच शब्दावरून पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंगोल फौजेत हजार स्वारांची तुकडी असे. तिला फारसीत ‘हजारा’ म्हणू लागले.

फौजेतून आलेले हे नाव पुढे शिवीसारखे वापरले गेले. ‘अफगाण’ म्हणजे मुळात पश्तून समाज, आणि सत्ताही त्यांचीच. हजारा मात्र बहुतांशी शिया, फारसीची हजारगी बोली बोलणारे. 1891 ते 1893 मध्ये अमीर अब्दुर रहमानने त्यांचे बंड मोडताना सुन्नी मौलवींकडून त्यांना काफिर ठरवून घेतले. उरुझगानमधल्या त्यांच्या जमिनी पश्तून टोळ्यांना दिल्या. हजारा बायका-मुले बाजारात विकली गेली आणि त्या विक्रीवर सरकारने करही घेतला.

पुढे अमीर अमानुल्लाने 1923 मध्ये गुलामगिरी बंद केली, भेदभाव मात्र उरलाच. 1998 मध्ये मझार-ए-शरीफ जिंकल्यावर तालिबानने घरोघर शोधून हजारा लोकांना ठार मारले. तालिबानची सत्ता गेल्यावर आलेल्या 2004 च्या राज्यघटनेने शिया न्यायशास्त्राला मान्यता दिली होती. 2021 मध्ये तालिबान परतले आणि ती राज्यघटनाच गुंडाळली गेली.