विल्सन आजार : औषध आहे, हवी घरादाराची आणि गावाची साथ

अन्नातून आलेले तांबे शरीराबाहेर टाकता न येणे, एवढ्या एका दोषातून विल्सन आजार उद्भवतो. दुर्मीळ आनुवंशिक चयापचय विकारांच्या लांबलचक यादीतील हा एक आजार. जगभरात साधारण तीस हजारांत एकाला तो होतो, असे मानले जाते. या यादीतील बहुतेक आजारांवर आजही प्रभावी उपचार नाहीत किंवा असलेले उपचार सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. विल्सन आजाराचे तसे नाही. वेळीच निदान झाले आणि रोजचे औषध न चुकता घेतले, तर रुग्ण शिकतो, नोकरी करतो, संसार थाटतो. तरीही या आजाराने माणसे दगावतात. निदानाला झालेला उशीर आणि मध्येच सोडलेले औषध ही त्याची दोन मोठी कारणे आहेत, आणि ही दोन्ही कारणे दवाखान्याबाहेर, घरात आणि गावात घडतात.

आजार नेमका काय?

प्रौढ माणसाच्या आहारातून रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. शरीराला त्यातले थोडेच लागते. उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम ज्या प्रथिनामुळे होते, त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते. एटीपी७बी असे नाव असलेल्या या जनुकाचा शोध १९९३ मध्ये लागला. त्यात दोष असला की तांबे यकृतात साठू लागते आणि तेथे जागा उरली नाही की रक्तावाटे मेंदू, डोळे व मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युअल किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्या वेळी निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच होती. १९५६ मध्ये जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी पेनिसिलॅमिन हे तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध वापरात आणले आणि चित्र पालटले. ते न सोसणाऱ्यांसाठी पुढे ट्रायएन्टिन आले. आतड्यातून तांब्याचे शोषणच रोखणारे जस्ताचे क्षारही उपयोगी पडतात.

आजाराची लक्षणे बहुधा ५ ते ३५ या वयात दिसू लागतात. लहान मुलांत कावीळ, पोटात पाणी होणे, पायांवर सूज अशी यकृताची लक्षणे आधी येतात. किशोरवयात व तरुणपणी हात थरथरणे, बोलणे अडखळणे, तोंडातून लाळ गळणे, अक्षर बिघडणे आणि स्वभाव बदलणे हे आढळते. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-सोनेरी कडे दिसते. त्याला कायसर-फ्लायशर वलय म्हणतात. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या यंत्राखाली ते सहज पाहू शकतो. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिनचे प्रमाण आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे या दोन तपासण्यांची त्याला जोड दिली, की बहुतेक रुग्णांचे निदान होते.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात निदानाची वाट अनेक वळणे घेते. कावीळ म्हटली की महाराष्ट्राच्या खेड्यांत आधी आठवतो तो झाडपाल्याचे औषध देणारा. साध्या विषाणूजन्य काविळीचे रुग्ण आपोआप बरे होतात आणि श्रेय त्या औषधाला मिळते. विल्सनच्या रुग्णाची कावीळ ओसरली तरी यकृताचा ऱ्हास चालूच राहतो. पुन्हा पुन्हा कावीळ होणारे मूल म्हणजे धोक्याची खूण आहे, हे घरच्यांना सांगणारे कोणी तरी लागते. मेंदूची लक्षणे असतील तर गैरसमज आणखी वाढतात. अक्षर बिघडले की शाळेत आळशी म्हणून शिक्षा, अडखळत बोलणाऱ्या तरुणावर दारूचा संशय, आणि वागणे बदलले की बाधा झाल्याची कुजबुज. मग देवळात गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. श्रद्धेला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. कौल लावून झाल्यावर रक्त तपासायला जाण्याचे राहून जाते, तेव्हा मात्र मुलाचे नुकसान होते.

भांडी बदलली आणि आजार हटला

तांबे, यकृत आणि घरातली भांडी यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. विसाव्या शतकात भारतातील लहान मुलांमध्ये यकृत निकामी करणारा एक आजार मोठ्या प्रमाणात आढळत असे. ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ या नावाने तो ओळखला जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्यावर संशोधन केले. कल्हई नसलेल्या पितळी व तांब्याच्या भांड्यांत तापवलेले, साठवलेले दूध तान्ह्या बाळांना पाजल्याने त्यांच्या यकृतात तांबे साठते, असा निष्कर्ष त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे तेव्हा किती घरांना ठाऊक असेल कोण जाणे! डॉक्टरांनी पालकांना समजावले, घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला.

विल्सन आजार जन्मजात असल्याने तो केवळ भांडी बदलून हटणारा नाही. मात्र घराच्या सवयी बदलल्याने मुलांचे प्राण वाचू शकतात, हे पुण्याच्या या कामाने दाखवून दिले.

मालवणी ताटातले तांबे

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात हा सवयीचा प्रश्न आणखी टोकदार होतो. कणकवली तालुक्यातले फोंडाघाट हे देवगड-निपाणी मार्गावरचे, घाटपायथ्याचे बाजारपेठेचे गाव. पुढे घाट चढला की दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. या भागातील घरातला आहार पाहिला, तर विल्सनच्या रुग्णाला जे टाळायला सांगतात तेच नेमके कौतुकाने वाढले जाते. सर्वाधिक तांबे असलेल्या पदार्थांत कालवे आणि प्राण्यांचे यकृत, म्हणजे मटणातली कलेजी, यांचा क्रमांक वरचा आहे. त्यांच्यामागे कुर्ल्या, तिसऱ्या व इतर कवचधारी मासळी, पावसाळ्यातली अळंबी, तीळ, चॉकलेट आणि काजू. शंभर ग्रॅम काजूत सुमारे २ मिलिग्रॅम तांबे असते. ज्या घराचे पोट काजूच्या बागेवर चालते, त्या घरातील मुलाला काजूगर वर्ज्य, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

दिलासा इतकाच की बांगडा, सुरमई यांसारख्या मासळीत तांबे कमी असते. भातालाही मज्जाव नाही. खोबऱ्याचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवता येते. पथ्य सर्वांत कडक असते ते उपचाराच्या पहिल्या वर्षात. पुढे तब्येत स्थिरावल्यावर डॉक्टर काही सूट देतात. पथ्य पाळले म्हणून औषध सोडले तरी चालते, हा समज मात्र घातक आहे. औषधाची जागा पथ्य घेऊ शकत नाही.

पाण्याचा मुद्दा वेगळा. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी आरोग्याला उत्तम, असे सांगणारे शेजारी घरोघरी भेटतात. विल्सनच्या रुग्णासाठी तोच सल्ला अपायकारक आहे. आंबट पदार्थांत तांबे अधिक विरघळते. त्यामुळे कोकमाचे आगळ, सोलकढी, ताक हे या घरात तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवूच नये. पाहुणा म्हणून गेल्यावर हातात तांब्या आला किंवा देवळात ताम्हनातले तीर्थ पुढे आले, तर नाही म्हणणे मुलाला अवघड जाते. अशा वेळी ‘हेका स्टीलच्या पेल्यात पाणी दी’ असे एखाद्या काकीने आपणहून म्हटले, तर त्या मुलाचा संकोच संपतो. शाळेतल्या पोषण आहाराबाबत आणि वाढदिवसाच्या चॉकलेटबाबत शिक्षकांना एकदा विश्वासात घेतले, की रोजची ओढाताण थांबते.

नेम मोडतो कुठे?

पेनिसिलॅमिन उपाशीपोटी घ्यावे लागते, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. दिवसातून दोन-तीन वेळा, आणि आयुष्यभर. सुरुवातीला काही रुग्णांची थरथर वा बोलण्याचा त्रास औषधाने वाढतो. तेव्हा घरचे घाबरून गोळ्या बंद करतात. याउलट, दोन-चार वर्षांनी रुग्ण ठणठणीत दिसू लागला की ‘आता कशाला?’ म्हणून औषध सुटते. दुसरा प्रकार अधिक धोकादायक. औषध अचानक बंद केल्यावर काही महिन्यांत यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. मग उरतो यकृत प्रत्यारोपणाचाच मार्ग.

गावच्या औषधाच्या दुकानात या गोळ्या फडताळात नसतात, मागवाव्या लागतात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला किंवा माल वेळेवर आला नाही, तर नेम तुटतो. म्हणून महिनाभराचा जादा साठा घरात ठेवावा. कणकवलीतल्या एखाद्या औषधविक्रेत्याने दर महिन्याची मागणी आगाऊ नोंदवून घेतली, तर या कुटुंबाची अर्धी चिंता मिटते.

कोकणाकडे आणखी एक जुनी यंत्रणा आहे, ती म्हणजे चाकरमान्यांची. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक परळचे केईएम रुग्णालय आहे. त्याच परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातील माणसांनी गावागावांच्या खोल्या केल्या, मंडळे स्थापन केली. गिरण्या गेल्या, तरी गावमंडळांचे धागे अनेक ठिकाणी टिकून आहेत. तपासणीसाठी आलेल्या कुटुंबाची दोन रात्री सोय करणे, बाह्यरुग्ण विभागात रांग धरणे, गणपतीला गावी जाताना गोळ्यांची पाकिटे नेणे ही कामे या मंडळांना अवघड नाहीत. आजवर ती कर्करोग वा हृदयरोगाच्या रुग्णांसाठी होत आली. दुर्मीळ आजाराचे नाव पोहोचले, तर याही रुग्णांसाठी होतील.

मदत कोठे?

मुंबईत चिल्ड्रन्स लिव्हर फाउंडेशन ही संस्था यकृताचे आजार असलेल्या मुलांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. रुग्णाची प्रगती मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मापनपद्धतींपैकी एक, ‘ग्लोबल असेसमेंट स्केल’, २००९ मध्ये डॉ. अन्नू अगरवाल, डॉ. आभा नगराळ, डॉ. मोहित भट्ट आदींनी मुंबईतच विकसित केली. देशपातळीवर बंगळूरुची ‘ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया’ ही संस्था रुग्ण, पालक व डॉक्टरांना एकत्र आणते. तिचे एक संस्थापक प्रसन्न शिरोळ हे स्वतः पोम्पे या दुर्मीळ चयापचय विकाराने ग्रस्त मुलीचे वडील. अशा संघटनांचा खरा उपयोग पैशापेक्षा अनुभवाचा. ‘आमच्या मुलाची थरथर सहा महिन्यांनी कमी झाली, तुम्ही गोळी सोडू नका’ हे दुसऱ्या आईने सांगितलेले वाक्य डॉक्टरांच्या सल्ल्याइतकेच काम करते.

सरकारी धोरण उशिरा आले. गॉशे या आजाराच्या एका लहान मुलाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सरकारला मोफत उपचाराचा आदेश दिला, त्यानंतर या विषयाला गती मिळाली. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले आणि सूचीतील आजारांसाठी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली. ही मदत उत्कृष्टता केंद्रामार्फतच मिळते, तेव्हा आपला आजार व उपचार सूचीत बसतो का, याची चौकशी केईएममध्ये करावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने काही दुर्मीळ आजारांवरील औषधे देशातच तयार झाल्याचे सांगितले. त्यात विल्सनसाठीचे ट्रायएन्टिन होते. आयात औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे २.२ कोटी रुपये, तर देशी औषधाचा २.२ लाख, असे तेव्हा सांगण्यात आले. शंभरपट घट झाली खरी, पण शेतकरी कुटुंबाला २.२ लाखही थोडे नाहीत. सूचीतील दुर्मीळ आजारांसाठी वैयक्तिक वापराची औषधे व विशेष आहार परदेशातून मागवल्यास १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात. म्हणजे या कागदासाठी तरी ओरोसच्या पुढे जाण्याची गरज नाही.

भावंडे आणि सोयरीक

आई व वडील दोघेही दोषयुक्त जनुकाचे वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकांना स्वतःला काहीही त्रास होत नाही. साधारण ९० जणांत एक वाहक असतो. नात्यातल्या लग्नांत दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातल्या काही समाजांत आजही आहे. एका मुलाचे निदान झाले की त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची तपासणी करायलाच हवी, मग ती कितीही धडधाकट दिसोत. लक्षणे दिसण्यापूर्वी औषध सुरू झाले तर यकृत आणि मेंदू दोन्ही वाचतात. तान्ह्या बाळांत सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असल्याने तपासणीचे वय डॉक्टरांनी ठरवावे.

घरे येथेच कचरतात. धाकट्या मुलीची तपासणी केली आणि गावभर झाले तर तिला स्थळ कोण सांगून येणार, ही भीती असते. त्या भीतीपोटी तपासणी टळते. उपचार नियमित असलेल्या स्त्रीला मूल होऊ शकते. गर्भारपणात औषध सुरूच ठेवायचे असते, त्याची मात्रा डॉक्टर ठरवतात. जोडीदार नात्याबाहेरचा असेल तर अपत्याला आजार होण्याची शक्यता दोनशेत एकाच्या आसपास असते. हा आकडा सोयरीक जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांना, आशा सेविकेला आणि शाळांत मुलांना तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला माहीत असेल, तर धाकटीचे रक्त वेळेवर तपासले जाईल.