कून क्रीकचे मासे

ओढ्यांतील मासे नाहींसे झाले म्हणजे मनुष्य प्रथम ओढ्याकडेच पाहतो. मासेमारी फार झाली असेल, अशी शंका त्याच्या मनांत येते. आणि उपाय सुचतो तोहि ओढ्यापुरताच. बाहेरून माशांचीं पिलें आणून सोडलीं, कीं काम झालें! परंतु माशांच्या नाशाचें कारण पुष्कळ वेळां पाण्यांत नसून कोसभर दूर, टेकडीवरच्या नांगरटींत असतें. अमेरिकेंतील कून क्रीक या लहानशा ओढ्याचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

विस्कॉन्सिन संस्थानाच्या नैऋत्य भागांतून वाहत जाऊन हा ओढा मिसिसिपी नदीस मिळतो. हिमयुगांत सभोंवतालचा मुलूख हिमनद्यांखालीं सपाट झाला. हा भाग मात्र त्यांतून सुटला. म्हणून येथें उभ्या टेकड्या, अरुंद दऱ्या आणि खडकांच्या थरांतून निघणारे थंडगार झरे टिकून राहिले. अशा झऱ्यांच्या पाण्यांत ब्रूक ट्राउट हा मूळचा मासा सुखानें नांदे. त्याला गारवा हवा, आणि अंडीं घालण्यास स्वच्छ खड्यांचा तळ हवा.

१८५० नंतर तेथें वसाहत झाली. वसाहतवाल्यांत नॉर्वेहून आलेले शेतकरी पुष्कळ होते. त्यांनीं आरंभीं गहू पिकविला, पुढें दुभत्या गाई पाळल्या. ते उद्योगी होते. पण तो उद्योग त्या भूमीस मानवला नाहीं. उभ्या उतारावरील रानांत गुरें चरूं लागलीं व नांगर उताराच्या दिशेनेंच चालला. जें पावसाचें पाणी पूर्वीं जमिनींत मुरे, तें आतां माती घेऊन धांवूं लागलें. जागोजागीं घळी पडल्या. झरे आटत चालले. ओढा रुंद, उथळ व कोमट झाला. आणि खड्यांच्या फटी गाळानें बुजून अंडीं आंतल्या आंत गुदमरलीं.

१९३३ मध्यें ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखालील नव्या सरकारी मृदासंरक्षण खात्यानें आपल्या पहिल्या प्रयोगासाठीं हेंच खोरें निवडलें. सरकारनें कोणावर सक्ती केली नाहीं. ज्याची इच्छा असेल त्या शेतकऱ्याशीं पांच वर्षांचा करार केला. सरकारनें बीं, चुना, कुंपण व बेकार तरुणांच्या पथकांचे श्रम द्यावे; शेतकऱ्यानें उभ्या उतारावरून गुरें काढावीं, आणि समपातळीच्या रेषेनें आडवे पट्टे पाडून एकांत धान्य, दुसऱ्यांत गवत घ्यावें, असें ठरलें. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील आल्डो लिओपोल्ड हे या कार्याचे सल्लागार होते. माती, रान, पशुपक्षी व मासे यांचा विचार एकाच शेतावर एकत्र व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. १९३५ मध्यें त्यांनीं या प्रयोगावर लेखहि लिहिला.

फळ लवकर दिसलें नाहीं. खोऱ्यांत सांचलेला जुना गाळ कांठ ढांसळून अनेक वर्षें ओढ्यांत येतच राहिला. परंतु भूगोलज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनीं पुढें मापें घेतलीं, व १९९९ मध्यें असें दाखविलें कीं, गाळ सांचण्याचा वेग १९३० नंतरच्या दशकांतील वेगाच्या सुमारें सहा टक्क्यांवर आला आहे. मुरलेलें पाणी झऱ्यांवाटे परत आलें. ओढा पुन्हां थंड झाला. आज ट्राउटसाठीं गळ टाकणारे लोक दुरून तेथें येतात. त्यांना सांपडणारा मासा पुष्कळदां युरोपांतून आणलेला ब्राउन ट्राउट असतो, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये. गेलेलें सगळेंच जसेंच्या तसें परत येत नसतें.

शिवाय जें परत आलें तें कायमचें आलें, असेंहि नव्हे. ऑगस्ट २०१८ मधील अतिवृष्टींत या पाणलोटांतील पूररोधक बंधारे फुटले. पुन्हां असें कीं, शेतांतल्या गवताच्या पट्ट्याला किंमत असते ती गाईमुळें. लहान गोठे बंद पडूं लागले कीं गवत कोणासाठीं राखावयाचें? पट्टे मोडून सलग मका पेरण्याचा मोह तेथें उभाच आहे. पांच वर्षांचा करार कागदावर संपला. परंतु टेकडी, झरा व मासा यांच्याशीं झालेला करार प्रत्येक पिढीस नव्यानें करावा लागतो. त्यावर सही करावयाची ती ओढ्याकांठीं नव्हे, वरच्या शेतांत, नांगराच्या तासानें.