पुस्तकात छापलेलं कुलूप

१९९५ साली अमेरिकेत एमआयटी प्रेसने एक जाडजूड पुस्तक बाजारात आणलं. सुरुवातीला थोडी प्रस्तावना आणि मग शेकडो पानं नुसता प्रोग्राम : सी भाषेतल्या ओळी, कंस, अर्धविराम. हौसेने वाचायला कोणी हातात घेईल असं ते पुस्तकच नव्हतं. पण ते काढण्यामागे कायद्याचा पक्का विचार होता. तोच प्रोग्राम फ्लॉपीवर घालून परदेशी पाठवला असता, तर विनापरवाना शस्त्रनिर्यात केल्याचा ठपका आला असता. पुस्तकाला मात्र अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं, म्हणजे मुद्रणस्वातंत्र्याचं, संरक्षण होतं. मजकूर कुलूपबंद करणाऱ्या या प्रोग्रामचं नाव पीजीपी आणि त्याचे कर्ते फिलिप झिमरमन. आज व्हॉट्सॲपवर नवं संभाषण उघडलं की मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्याची पट्टी दिसते. तिचं कूळ शोधत मागे गेलं की वाटेत हे पुस्तक भेटतंच.

कुळाचा मूळपुरुष मात्र त्याच्याही आधीचा. गुप्तलेखन फार जुनं; राजेरजवाड्यांपासून वकिलातींपर्यंत सगळ्यांनी ते वापरलं. त्यातली अडचणही तितकीच जुनी होती. ज्या किल्लीने मजकूर बंद करायचा तीच किल्ली समोरच्याकडेही हवी, आणि ती त्याच्यापर्यंत विश्वासू माणसाच्या हातूनच पोचवायला हवी. सरकारांना आणि सैन्यांना ते परवडत होतं. दोन अनोळखी सामान्य माणसांना ते शक्यच नव्हतं.

ही गाठ १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सोडवली. हेलमन स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक, आणि डिफी या एकाच प्रश्नाने झपाटून देशभर माणसं आणि ग्रंथालयं धुंडाळत फिरलेले. बर्कलीत राल्फ मर्कल हा विद्यार्थी स्वतंत्रपणे त्याच दिशेने निघाला होता. कल्पना अशी की प्रत्येकाने दोन गोष्टी बाळगायच्या : उघडं कुलूप आणि त्याची किल्ली. कुलपाच्या प्रती हव्या तितक्या वाटाव्यात, किल्ली घराबाहेर काढू नये. कोणीही तुमचं कुलूप घेऊन पेटी बंद करील, पण उघडाल फक्त तुम्ही. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्याला गणिताचा देह दिला. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो. नुसता गुणाकार देऊन मूळ संख्या शोधायला सांगितलं तर संगणकही घायकुतीला येतो. हेच आरएसए.

मार्टिन गार्डनर यांनी ऑगस्ट १९७७च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या गणिती सदरात ही पद्धत समजावून सांगितली आणि १२९ अंकी संख्येचे अवयव शोधण्याचं आव्हान वाचकांपुढे ठेवलं. बक्षीस होतं १०० डॉलर. उत्तर यायला १९९४ उजाडलं, तेही इंटरनेटवरून जमलेल्या सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी आपापली यंत्रं महिनोन् महिने राबवली तेव्हा.

या कथेला एक चटका लावणारी उपशाखा आहे. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या सरकारी संस्थेत जेम्स एलिस यांना हीच कल्पना १९७०मध्ये सुचली होती, आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३मध्ये जवळपास आरएसएच मांडलं होतं. पण ते सारं सरकारी गोपनीयतेच्या कपाटात पडून राहिलं. ही कागदपत्रं डिसेंबर १९९७मध्ये खुली झाली, आणि एलिस त्याआधी काहीच आठवडे वारले होते. जगाला या शोधाचा उपयोग झाला तो डिफी-हेलमन यांनी तो छापला म्हणून. या साऱ्या इतिहासात मला तरी तोच धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो : गुपित राखण्याचं साधन जेव्हा जेव्हा उघड्यावर आलं, तेव्हाच ते लोकांचं झालं.

हे कुलूप सामान्यांच्या हाती देणारे झिमरमन हे कोलोरॅडोतल्या बोल्डर गावचे सॉफ्टवेअर इंजिनिअर. अण्वस्त्रविरोधी चळवळीत ते मनापासून होते, नेवाडातल्या अणुचाचणी क्षेत्रापाशी निदर्शनं करताना त्यांना अटकही झाली होती. कार्यकर्त्यांचे कागद आणि फायली पोलिसांच्या नजरेतून सुटाव्यात ही त्यांची गरज पुस्तकी नव्हती. १९९१च्या सुरुवातीला अमेरिकी सिनेटमध्ये २६६ क्रमांकाचं विधेयक आलं. दळणवळणाच्या यंत्रणांनी सरकारला मजकूर साध्या रूपात मिळेल अशी सोय ठेवावी, असा त्यातल्या एका कलमाचा आशय होता. झिमरमन यांनी हातातली कामं बाजूला सारून प्रोग्राम पुरा करायला घेतला. त्या काळात घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले, घर जायची वेळ आली. जून १९९१मध्ये पीजीपी बाहेर पडलं : फुकट, आणि सोर्स कोडसकट. बघता बघता इंटरनेटवरून ते देशाबाहेर गेलं.

पहिल्या आवृत्तीत झिमरमन यांनी मजकूर बंद करण्याची आतली पद्धत स्वतः रचली होती. एली बिहाम या तज्ज्ञाने त्यातल्या उणिवा काही महिन्यांतच दाखवून दिल्या. झिमरमन यांनी ती पद्धत टाकून दिली आणि सप्टेंबर १९९२च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली, तज्ज्ञांनी पारखलेली ‘आयडिया’ ही पद्धत घेतली. त्या आवृत्तीवर न्यूझीलंडपासून नेदरलँड्सपर्यंतच्या स्वयंसेवकांनी काम केलं. कोड बंद असता तर ती खोट वर्षानुवर्षं तशीच राहिली असती आणि भरवसा ठेवणाऱ्याला पत्ताही लागला नसता.

१९९३मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने चौकशी सुरू केली. मजबूत एन्क्रिप्शन त्या वेळी युद्धसामग्रीच्या यादीत होतं, आणि पीजीपी परदेशात पोचलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने ‘क्लिपर’ चिप पुढे आणली. फोन सुरक्षित होणार, पण किल्लीची एक प्रत सरकारदरबारी जमा राहणार. मॅट ब्लेझ यांनी १९९४मध्ये तिच्यातला दोष काढला आणि ती योजना बारगळली. झिमरमन यांच्या मागचा ससेमिरा जानेवारी १९९६पर्यंत चालला. शेवटी आरोप न ठेवताच चौकशी बंद झाली. तीन वर्षं तुरुंगाची टांगती तलवार, वकिलांचा खर्च आणि पुढे काय ही चिंता. फुकट वाटलेल्या प्रोग्रामसाठी माणसाने इतकं सोसावं हे आजही अंगावर येतं.

पुस्तकाची युक्ती हवेतून आलेली नव्हती. १९९४मध्ये फिल कार्न या अभियंत्याने ब्रूस श्नायर यांच्या ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ या ग्रंथाच्या निर्यातीविषयी परराष्ट्र खात्याला विचारलं. ग्रंथ न्यायला हरकत नाही, असं उत्तर आलं. मग त्याने त्याच ग्रंथातला छापील कोड भरलेल्या फ्लॉपीविषयी विचारलं, तेव्हा ती युद्धसामग्री ठरली. तीच अक्षरं, तोच क्रम, फक्त वाहन वेगळं. या भेदाचा पुरता वापर १९९७मध्ये झाला. पीजीपीच्या पाचव्या आवृत्तीचा कोड बारा खंडांत, सहा हजारांहून अधिक पानांत छापला गेला. ते खंड युरोपात रीतसर नेले आणि तिथे नॉर्वेतल्या स्टोले शूमाखर यांच्या पुढाकाराने सत्तरच्या वर माणसांनी मिळून ते स्कॅन केले.

ते काम किती किचकट असेल याचा अंदाज पानाच्या रचनेवरून येतो. प्रोग्राममध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं कोसळतं, आणि त्या काळचं स्कॅनिंग एकचा एल आणि शून्याचा ओ सहज करत असे. म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीच्या अक्षरांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा छापला होता. ओळ वाचून झाली की संगणक तो आकडा पुन्हा काढून बघे. जुळला नाही तर माणसाने पानावर नजर टाकून अक्षर दुरुस्त करायचं. कागदावर एरवी न दिसणाऱ्या मोकळ्या जागांनासुद्धा बारीक खुणा दिल्या होत्या. छापखाना आणि संगणक यांचा इतका समंजस मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कायदा मोडायचा नव्हता, आणि कायद्याने आपल्याला मोडू द्यायचं नव्हतं.

दरम्यान न्यायालयानेही कोडला पुस्तकाचाच न्याय लावला. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने सरकारविरुद्ध दावा केला, आणि सोर्स कोड ही अभिव्यक्ती आहे असं कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी १९९६मध्ये मानलं. १९९९मध्ये अपील न्यायालयातही बर्नस्टाइनच जिंकले. २०००च्या जानेवारीत निर्यातीचे नियम बरेच सैल झाले.

सरकार बाजूला झालं तेव्हा दुसरा धोका मालकीचा निघाला. झिमरमन यांची कंपनी डिसेंबर १९९७मध्ये नेटवर्क असोसिएट्सने विकत घेतली. काही वर्षांत नव्या मालकांनी पूर्ण कोड प्रसिद्ध करायचं थांबवलं, आणि २००१मध्ये झिमरमन बाहेर पडले. सुदैवाने त्यांनी त्याआधीच पीजीपीच्या मजकुराचा आराखडा खुला केला होता, आणि नोव्हेंबर १९९८मध्ये ‘ओपनपीजीपी’ हे सार्वजनिक प्रमाण जाहीर झालं. त्यामुळे नाव एका कंपनीकडे राहिलं तरी पद्धत सगळ्यांची झाली.

ती पद्धत पुढे चालवली जर्मनीतल्या वेर्नर कॉख यांनी. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचं १९९७मधलं भाषण त्यांनी ऐकलं. अमेरिकेच्या निर्यातबंदीचं जोखड तुमच्या मानेवर नाही, तेव्हा हे काम तुम्ही युरोपीय लोकांनी करा, असं स्टॉलमन सांगत होते. कॉख कामाला लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली आवृत्ती आली आणि सप्टेंबर १९९९मध्ये ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’ १.० बाहेर पडलं. पेटंट असलेल्या पद्धती त्यात कटाक्षाने टाळल्या होत्या.

एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३मध्ये अमेरिकी पाळतीची कागदपत्रं पत्रकारांपर्यंत पोचवली, ती याच कुळातल्या साधनांच्या आधाराने. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत येणारा प्रत्येक अपडेट खरा आहे की नाही हेही याच किल्ल्यांनी केलेल्या डिजिटल सहीने तपासलं जातं; म्हणजे पीजीपीचं नावही न ऐकलेली माणसं रोज ज्या सर्व्हरांवर विसंबतात, त्यातल्या असंख्य सर्व्हरांना त्याचा आधार आहे. आणि हे सांभाळणारा माणूस, म्हणजे कॉख, २००१पासून वर्षाला सरासरी सुमारे २५ हजार डॉलरांत भागवत होता. फेब्रुवारी २०१५मध्ये ‘प्रोपब्लिका’ने त्याची ओढगस्त छापली, तेव्हा दिवसभरात देणग्यांचा ओघ लागला, आणि फेसबुक व स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. चांगलं झालं, पण ते बातमी आल्यावर झालं.

पीजीपी घराघरात पोचलं नाही, हेही सांगायला हवं. १९९९मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात बारा जणांना दीड तास दिला, तरी त्यातल्या एक तृतीयांश लोकांनाच मेल नीट बंद करून सही करता आली. किल्ल्या बनवा, सांभाळा, समोरच्याची किल्ली खरी आहे का पाहा, हे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. तो भार उचलला मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांच्या पद्धतीने, जी पुढे सिग्नलच्या नावाने ओळखली गेली. तिने किल्ल्यांचा सारा व्यवहार पडद्यामागे नेला. व्हॉट्सॲपने ती घेतली आणि एप्रिल २०१६पर्यंत सर्व संभाषणांना लागू केली. सिग्नल नावाचं ॲपही तीच वापरतं; फरक एवढाच की सिग्नलचा कोड कोणीही वाचू शकतो, व्हॉट्सॲपच्या ॲपचा नाही. म्हणून मला सिग्नलचा भरवसा अधिक वाटतो.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात आलेला आहे. सप्टेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्यात मेसेजचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा आणि मागितल्यास द्यावा, अशी अपेक्षा होती. देशभर ओरड झाली आणि मसुदा दोन-तीन दिवसांतच मागे घेतला गेला. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२१च्या नियमांत मात्र मेसेज मुळात कोणी धाडला हे शोधून देण्याची अट मोठ्या सेवांवर आली, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हे गणित मेसेजपुरतं नाही; त्याच्याच जोरावर आपला डिजिटल सहीचा सातबारा कोणत्याही तलाठी कार्यालयात न जाता ग्राह्य धरला जातो. कुलूप कमजोर करायचं म्हटलं तर ते फक्त गुन्हेगाराचं कमजोर होत नाही. शेतकऱ्याच्या उताऱ्याचं, बँकेच्या व्यवहाराचं, बायकोला पाठवलेल्या निरोपाचंही होतं.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या आहेत. एन्क्रिप्शनविषयी सरकारचा पुढचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा तो वाचा आणि आपली हरकत मुदतीत, मराठीत का होईना, लिहून पाठवा. आणि जमेल तेव्हा सिग्नलला थोडी देणगी द्या; त्या कामाला लोकवर्गणीचा आधार लागतो.