शर्यतीचा सांगाडा, संसाराचं इंजिन

आज गाड्यांचा विषय आहे, पण गोष्ट इतिहासाची आहे. सुरुवात एका प्रश्नाने करतो. समजा, तुम्ही चेन्नईत राहता, खिशात बरे पैसे साठलेत आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आहे. तुम्ही काय शोधाल?

बहुतेक जण म्हणतील की एखादी जुनी इंग्लिश गाडी. जॅग्वार, एमजी, नाहीतर ट्रायम्फ स्पिटफायर. अशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच आल्या. ज्या आल्या त्या संस्थानिकांनी, कंपन्यांच्या साहेबांनी किंवा वकिलातींनी आणल्या आणि पुढे हातोहात फिरल्या. नंतर आयातीचे नियम इतके कडक झाले की अनेक वर्षं १९५० पूर्वीच्या गाड्यांनाच जुनी गाडी म्हणून सहज दार उघडं होतं. ही मर्यादा बदलून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वाव मिळाला तो थेट २०२५ साली. स्पिटफायर बाजारात आली १९६२ मध्ये. म्हणजे ती त्या दारातून कधी आत येऊच शकली नाही.

पण गंमत अशी की स्पिटफायरचा सांगाडा, तिची सख्खी बहीण म्हणावी अशी गाडी, मद्रासमध्येच बनत होती. चेन्नई शहराच्या दक्षिणेला वंडलूर आहे. आज लोक तिथे प्राणिसंग्रहालय बघायला जातात. त्या भागात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना होता आणि तिथे बनायची स्टँडर्ड हेरल्ड. आपल्या मराठी घरांत 'फियाट' म्हटलं की मुंबईतलं कुर्ला आठवतं, तशी त्या काळच्या मद्रासी मध्यमवर्गाची ही गाडी.

आता जरा मागे जाऊ. १९४८ साली मद्रासची युनियन कंपनी आणि इंग्लंडची स्टँडर्ड मोटर कंपनी यांनी मिळून हा उद्योग काढला. १९५१ पासून इथे व्हॅनगार्ड गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे टप्प्याटप्प्याने बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेले. राहिलेल्यांत कलकत्त्याकडची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड होती.

हेरल्ड जन्मली ती मात्र इंग्लंडमध्ये, एका अडचणीतून. स्टँडर्ड-ट्रायम्फला पूर्ण बॉडीचे पत्रे ठोकून देणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. आता नव्या गाडीची बॉडी कोण बनवणार? तेव्हा त्यांनी जुनी पद्धत धरली. खाली वेगळी, मजबूत चेसिस. वरची बॉडी तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बोल्टने आवळायची. तिला देखणं रूप दिलं इटलीतल्या तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलंडायचं, म्हणजे मिस्त्रीने पुढच्या चाकावर बसून आरामात इंजिन उघडावं. वळणं इतकी तोकडी की सुमारे साडेसात मीटरच्या वर्तुळात ती पूर्ण फिरायची.

आता मुद्दा नीट लक्षात घ्या. चेसिस वेगळी असली की तिच्यावर हवं ते रूप चढवता येतं. ट्रायम्फने हेरल्डची चेसिस साडेआठ इंचांनी आखूड केली, तिच्यावर मिकेलोत्तींचीच दोन माणसांची उघडी बॉडी बसवली आणि १९६२ मध्ये स्पिटफायर आली. १९८० पर्यंत तीन लाखांहून जास्त स्पिटफायर विकल्या गेल्या. पुढचं सस्पेन्शन त्याच घडणीचं, मागचा आडवा पाटा तसाच, इंजिनही एकाच कुळातलं. १९५३ च्या ८०३ सीसीच्या छोट्या इंजिनापासून हे कूळ पुढे १४९३ सीसीपर्यंत वाढलं.

१९६१ मध्ये हेरल्ड मद्रासला आली, तीही ९४८ सीसीचं, जेमतेम ३५ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. इंग्लंडमध्ये त्याच साली ११४७ सीसीचं इंजिन आलं, आणि त्याच इंजिनातून दोन कार्ब्युरेटर लावून पहिल्या स्पिटफायरला ६३ अश्वशक्ती मिळाली. तिकडे इंजिन वाढत गेलं. इकडे मद्रासमध्ये ते ९४८ वरच थांबलं.

का थांबलं? मद्रासच्या इंजिनिअरांना येत नव्हतं म्हणून नव्हे. नवीन इंजिन म्हणजे नवीन यंत्रसामग्री, त्यासाठी परकीय चलन, त्यासाठी परवाना. गाड्या किती बनवायच्या त्याला मर्यादा, आणि १९६९ पासून किमतीही सरकारने ठरवून दिलेल्या. अशा वेळी कारखान्याने डोकं चालवलं ते वेगळ्या दिशेने. १९६८ मध्ये त्यांनी चार दारांची हेरल्ड काढली. इंग्लंडमध्ये चार दारांची हेरल्ड कधी बनलीच नाही, ती फक्त मद्रासची. इंग्लंडने त्या सांगाड्यावर दोघांची मौजेची गाडी उभी केली, मद्रासने अख्ख्या कुटुंबाची. गरज तशी गाडी.

मग शर्यतीची हौस कुठे गेली? ती गेली शोलावरमला. शहराच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढे त्या धावपट्टीवर देशातल्या सर्वांत गाजलेल्या शर्यती होऊ लागल्या. राजेरजवाड्यांच्या परदेशी गाड्या तिथे धावायच्या. त्याच मैदानावर फियाट आणि हेरल्डही धावायच्या, आतल्या खुर्च्या काढलेल्या, इंजिन घासूनपुसून चढवलेलं. जी ताकद कारखान्याला देता आली नाही, ती गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनी कानशीने आणि अनुभवाने काढून दाखवली. आपल्या देशातलं स्पोर्ट्स कारचं शिक्षण झालं ते असं. शोरूममधून नाही, गॅरेजमधून. १९९० च्या सुमारास हा खेळ श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला बांधीव ट्रॅकवर गेला. पुढे त्याच परिसरात ह्युंदाईचा कारखाना आला.

हेरल्डची शर्यतीच्या कुळाशी असलेली एक नाळ मात्र कारखान्यानेच कापली. हेरल्डची मागची चाकं एकाच सरळ दांड्यावर नव्हती, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे वरखाली व्हायची. रिकाम्या रस्त्यावर छान. पण आपल्याकडे मागे तीन माणसं, डिकीत सामान, रस्त्याला खड्डे. गाडी मागून बसायची, चाकं फाकायची, टायर एका कडेने झिजायचे. जोरात वळताना एकदम पाय सोडला तर बाहेरचं चाक आत दुमडायला बघायचं. शेवटी १९७१ पासून आलेल्या गॅझेल या मॉडेलमध्ये त्यांनी सरळ अख्खा अ‍ॅक्सल टाकला. गाडी शहाणी झाली. गॅझेलही १९७७ पर्यंतच चालली.

इथे अनेक जण गोष्ट संपवतात. पण खरी कलाटणी पुढे आहे.

१९८५ मध्ये याच कारखान्याने स्टँडर्ड २००० आणली. ही म्हणजे इंग्लंडची रोव्हर एसडी-१. ती आखणाऱ्या डेव्हिड बाख यांच्या डोळ्यांसमोर फेरारी डेटोना होती. इंग्लंडमध्ये १९७६ ला ती आली तेव्हा पोटात साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. मद्रासला तिच्यात काय बसवलं? जुन्या व्हॅनगार्डच्या कुळातलं १९९१ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन, जे कारखाना आपल्या छोट्या मालवाहू गाड्यांत वापरत होता. लोकांनी चेष्टा केली: फेरारीचा अंगरखा आणि टेम्पोचं काळीज. गाडी महाग, जड, पेट्रोल पिणारी. समोर मारुती उभी. १९८८ मध्ये उत्पादन थांबलं, कारखाना बंद पडला आणि कामगारांचा हातचा रोजगार गेला.

पण या चेष्टेच्या इंजिनाचं कूळ तपासा. व्हॅनगार्डच्या या इंजिनाचे भाऊबंद इंग्लंडमध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये होते. आणि १९५३ ला आलेली ट्रायम्फ टीआर-२, जिला आज जगभर अस्सल स्पोर्ट्स कार म्हणून मान आहे, तिच्यातही हेच कूळ, हीच १९९१ सीसी! म्हणजे ज्याला आपण टेम्पोचं इंजिन म्हणून हसलो, ते बत्तीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारचं होतं. उशीर झाला होता, एवढंच. आपल्या परवान्यांच्या काळाचा सगळा इतिहास त्या एका बॉनेटखाली होता. चांगली वस्तू मिळायची, पण वेळ निघून गेल्यावर.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये गाड्यांवरचं 'स्टँडर्ड' हे नाव १९६३ सालीच संपलं, कारण तोवर त्या शब्दाचा अर्थ 'साधंसुधं' असा झाला होता. मद्रासने ते नाव आणखी पंचवीस वर्षं जगवलं. आणि कारखाना बंद पडल्यावर आत पडून राहिलेले रोव्हरचे कोरे सुटे भाग विकत घेतले ते इंग्लंडमधल्याच रिमर ब्रदर्स या जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या कंपनीने. म्हणजे इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या रोव्हर गाड्यांना आयुष्य मिळालं ते मद्रासच्या गोदामातून.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चेन्नईत आज हेरल्ड घ्यायची तर काय बघाल? पहिलं, रंग बघू नका, खाली झोपून चेसिस बघा. समुद्राची खारी हवा आधी खाते ती चेसिसच्या बाजूला फुटलेल्या आडव्या हातांना. बॉडीचे तुकडे बोल्टने सुटतात, बदलता येतात. चेसिस कुजली तर काम मोठं. दुसरं, पुढच्या चाकांजवळ, स्टिअरिंगसाठी चाक ज्यावर फिरतं तो पितळी तुकडा. त्यात मूळ सूचनेप्रमाणे गिअर ऑइल घालायचं असतं. सवयीने ग्रीस मारत गेलं की ओलावा आत राहतो, उभा दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी मोडून चाक निखळतं. तिसरं, आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा.

सुटे भाग शोधायला चेन्नईत पुदुपेट आहे, जसं पुण्यात नाना पेठ. तिथे नाही मिळालं तर इंग्लंडहून मागवता येतं, कारण स्पिटफायर सांभाळणारे हजारो लोक असल्याने तिचे भाग अजून नव्याने बनतात आणि त्यातले बरेच हेरल्डला चालतात. बहिणीचे दागिने अंगाला बसतात, तसं.

आणि इथेच मोह होतो. बोल्टने जोडलेलीच गाडी आहे, मग स्पिटफायरचं मोठं इंजिन का बसवू नये? जे तेव्हा मिळालं नाही ते आता देऊन टाकू! कायद्याची एक अडचण आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही आणि तिची चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही.

मला वाटतं, कायद्याआधी इतिहासच हे सांगतो. मोठं इंजिन घातलं तर तुमच्याकडे एक दुय्यम स्पिटफायर उरेल. तशा अस्सल स्पिटफायर जगात हजारो आहेत. ९४८ सीसीचं मद्रासचं इंजिन, इथल्या कामगारांनी आवळलेले बोल्ट, कुटुंब मावावं म्हणून काढलेली ती जादाची दोन दारं हे मात्र दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. त्या गाडीत जी उणीव दिसते, तीच तिची ओळख आहे. किल्ल्याची पडकी तटबंदी सिमेंटने गुळगुळीत करतात तेव्हा आपण हळहळतो ना? मग गाडीला वेगळा न्याय कशाला?

म्हणून हेरल्ड घ्याच, पण तिला पळवायला घेऊ नका. रविवारी पहाटे ईस्ट कोस्ट रोडवर महाबलीपुरमच्या दिशेने साठच्या वेगाने जा. मागून नव्या गाड्या भर्रकन पुढे जातील. जाऊ द्या. तुमच्या पायाखाली शर्यतीचा सांगाडा आहे आणि पुढ्यात संसाराचं इंजिन आहे. एका पिढीने जे मिळालं त्यातच कसं भागवलं, ते तुम्ही चालवत आहात.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.