जुना फोन मंदावलाय? नवा घेण्याआधी हे तपासा

चार्जिंग वीस टक्के दिसतंय आणि फोन अचानक बंद पडतो. कॅमेरा उघडायला वेळ लागतो. मग नवा फोन शोधणं सुरू होतं. पण अनेकदा फोन ठीक असतो, थकलेली असते ती बॅटरी.

लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी झिजते. तिच्यात वीज कमी साठते आणि एकदम जास्त वीज देण्याची तिची ताकदही घटते. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपणच त्यांचा वेग कमी करत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. बरीच टीका झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. बॅटरी बदलली की तेच 'मंद' फोन पुन्हा पळायला लागत!

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'बॅटरी हेल्थ' पाहा. आकडा ८० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर बदलायची वेळ झाली. काही नव्या अँड्रॉइड फोनमध्येही ही माहिती दिसते, नाहीतर सर्व्हिस सेंटरला तपासून घ्या. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र तो चार्जिंगला लावू नका, दाबूही नका. थेट दुकान गाठा.

दुसरं कारण स्टोरेज. ते काठोकाठ भरलं की फोन अडखळतो आणि अपडेटलाही जागा उरत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधलं 'मॅनेज स्टोरेज' उघडा. मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथे वेगळे दिसतात. गुड मॉर्निंगवाले ग्रुप किती जागा खातात, तेही कळेल. फेसबुक ॲपऐवजी ब्राउझरमध्ये उघडलं तरी काम भागतं. 'फोन क्लीनर' ॲप्सच्या नादी लागू नका, त्यातली बरीचशी जाहिरातीच दाखवतात.

खरी मर्यादा सुरक्षेची आहे. अँड्रॉइडवर 'अबाउट फोन' किंवा 'सिक्युरिटी'मध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षापूर्वीची असेल आणि नवं अपडेट मिळतच नसेल, तर नव्याने सापडलेल्या त्रुटी त्या फोनमध्ये तशाच राहतात. अशा फोनवर यूपीआय आणि बँकेची ॲप्स ठेवू नयेत. गाणी, रेडिओ, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ यांसाठी तो खुशाल वापरा, फक्त बँकेला जोडलेलं सिम त्यातून काढून घ्या.