मोडशी, डाग आणि पेज

वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकाकडे शिरोडा हें गांव आहे. त्याच्यापुढें रेडी, रेडीच्या पुढें तेरेखोलची खाडी, आणि खाडीपलीकडे गोवें. शिरोड्याचें नांव सर्वांस ठाऊक झालें तें मिठामुळें. १९३० च्या मे महिन्यांत येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. प्रस्तुत टिपणांत मिठाचा विचार निराळ्या अंगानें करावयाचा आहे. ह्या किनाऱ्यावर सकाळीं तांदुळाची पेज मीठ घालून घेण्याचा प्रघात जुना आहे. ह्याच पेजेचा, औषध या नात्यानें केलेला, एक लेखी उल्लेख खाडीपलीकडच्या प्रदेशांत सोळाव्या शतकांत सांपडतो. तो तपासूं लागलें असतां प्रश्न असा उभा राहतो कीं, एखादा उपचार ग्रंथांत नमूद आहे व लोकांत रूढ आहे, एवढ्यावरून त्याचा गुण त्या काळच्या लोकांस खरोखर कळला होता, असें म्हणतां येईल काय?

उल्लेख करणारा गृहस्थ गार्सिया द ओर्ता हा होय. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि १५६८ त तेथेंच मरण पावला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याची ये-जा असे. म्हणजे मराठी मुलखाशीं त्याचा प्रत्यक्ष परिचय होता. औषधिद्रव्यांवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत तो रुआनो नांवाच्या एका कल्पित पाहुण्याशीं बोलतो, व आपण स्पेनमध्यें असतों तर गालेनाविरुद्ध बोलण्याचें धाडस केलें नसतें, अशी मोकळी कबुली देतो. कोष्ठाच्या मुळाविषयीं चाललेल्या संवादांत मध्येंच एका रोग्याची गोष्ट निघते आणि ओर्ता एका भयंकर रोगाचें वर्णन करतो. नाडी बुडते, थंड घाम सुटतो, डोळे खोल जातात, ओकाऱ्या व रेच होतात, पायांत गोळे येतात. दहा तासांपेक्षां अधिक न टिकलेला रोगी आपण पाहिला आहे, आणि जे फार टिकतात ते चार दिवस, असें तो सांगतो. ह्या रोगास हिंदी लोक ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश ‘मोर्देशी’ असा करतों, हें त्याचें विधान आपणांस विशेष महत्त्वाचें, कारण हा शब्द आपला ‘मोडशी’च होय. पुढें फ्रेंचांनीं ह्या अपभ्रंशाचाहि अपभ्रंश करून ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचा शब्द बनविला, आणि कित्येक युरोपीय लेखक त्या अर्थाचीच चर्चा करीत बसले!

ह्या रोगावर एतद्देशीय वैद्य काय करीत, तेंहि ओर्ता देतो. ते रोग्यास मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची पेज पाजीत. त्याच्या पायांस डाग देत. डोळ्यांत पिंपळीची पूड घालीत. गोळे आले तर हातपाय पट्ट्यांनीं आवळून बांधीत. ओर्ताचा स्वतःचा भर मात्र पोट मोकळें करणें, अंग शेकणें, जहरमोहरा देणें यांवर दिसतो.

ह्यांतील डागाची परंपरा पुष्कळ मागें नेतां येते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत विसूचिकेचा अध्याय आहे, व त्यांत रोग साध्य असल्यास टांचांस डाग देणें प्रशस्त म्हटलें आहे. सतराव्या शतकांत देलों हा फ्रेंच वैद्य व सुरतेस असलेला ओविंग्टन हा इंग्रज पाद्री, दोघेहि टांचेस तापलेलें लोखंड लावण्याची चाल वर्णितात. म्हणजे सुश्रुतापासून शिवकालापर्यंत एकाच उपचाराचा अखंड पुरावा मिळतो. असा पुरावा हातीं आला कीं आपल्यासारख्या कागद वाचणारांस मोठा आनंद होतो. पण येथेंच सावध राहणें जरूर आहे.

ज्या संवादांत डाग आहे त्याच संवादांत पेज आहे. दोहोंस सारखीच मान्यता, सारखाच प्रसार. आजच्या ज्ञानाप्रमाणें त्यांतील एक निरुपयोगी क्रौर्य आहे व दुसरा प्राण वांचविणाऱ्या उपायाचा सख्खा नातलग आहे. हा भेद जुन्या लेखांतून दिसत नाहीं. आणि न दिसण्याचें कारणहि कळण्याजोगें आहे. ज्यास लोखंडाचा चटका जाणवला त्याची शुद्ध अजून शाबूद होती. असा रोगी अनेकदां आपोआपहि वांचला असता. ज्यास चटका कळलाच नाहीं तो असाध्य ठरून मेला. साध्य रोग्यांसच डाग द्यावा हा सुश्रुताचा निर्बंध लक्षांत घेतां वांचलेले बहुतेक सर्व डागलेलेच निघावयाचे, आणि श्रेय डागास मिळावयाचें! हा हेत्वाभास केवळ आपल्याच वैद्यांचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. १८१७ सालीं जेसोरकडून निघालेली पटकी १८१८ च्या ऑगस्टांत मुंबईस पोंचली, तेव्हां इंग्रज डॉक्टर रोग्याची शीर तोडून रक्त काढीत, व कॅलोमेल हें पाऱ्याचें औषध आणि अफूचा अर्क देत. रक्त ज्याचें वाहिलें तो वांचण्याचा संभव अधिक, असें त्यांसहि दिसलें. वस्तुतः रोग पराकोटीस गेला म्हणजे रक्त दाट होऊन शिरेंतून निघतच नाहीं. तेव्हां रक्त निघालें तोच मुळीं कमी आजारी. अंगांतील पाणी आटल्यानें मरणाऱ्या रोग्याचें रक्तहि काढून घेणें ह्याहून विपरीत उपचार कल्पितां येणें कठीण.

पटकींत रक्तांतील पाणी व क्षार निघून जातात हें ओ’शॉनेसी यानें रक्ताचें पृथक्करण करून दाखविलें, आणि १८३२ त लीथ येथें डॉक्टर लाटा यानें शिरेंतून क्षारजल घालून मरणोन्मुख रोगी शुद्धीवर आणले. ती गोष्ट मग जवळजवळ विस्मृतींत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यानें ती पुन्हां हातीं घेतली. त्याची युक्ति पाहण्याजोगी आहे. प्रत्येक रोग्याच्या रक्ताचा थेंब निरनिराळ्या घनतेच्या ग्लिसरीन-मिश्रणांत सोडून त्याचें विशिष्ट गुरुत्व तो काढी, आणि त्यावरून त्याच रोग्यास किती क्षारजल द्यावयाचें तें ठरवी. रोग एक असला तरी मात्रा माणसागणिक वेगळी, हें तत्त्व आपल्या वैद्यकांतहि आहेच. शोधनानंतर द्यावयाच्या पेया, विलेपी, यूष यांचा संसर्जनक्रम प्रधान, मध्यम व अवर शुद्धीप्रमाणें तीन, दोन किंवा एका अन्नकालाचा सांगितला आहे. तत्त्व होतें, पण माप नव्हतें. माप नाहीं म्हणजे चूक झाली तरी ती उघडकीस येण्याचा मार्ग नाहीं.

शिरेंतून क्षारजल देणें रुग्णालयावांचून शक्य नव्हतें. तोंडानें पाणी द्यावें तर तें ओकून पडतें वा खालून निघून जातें, अशी समजूत होती. कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं १९५३ सालीं १८६ रोग्यांस ग्लुकोज व मीठ घातलेलें पाणी पाजून सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु तुलनेसाठीं दुसरा गट ठेवलेला नसल्यानें त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. आंतड्यांत साखरेच्या सोबतीनेंच मीठ व त्यामागून पाणी शोषलें जातें, हें १९६० नंतर स्पष्ट झालें, आणि १९६८ त ढाक्यास नालिन व कॅश यांनीं तोंडावाटे दिलेल्या द्रावाचा गुण रोग्यांचे गट करून मोजून दाखविला. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत शिरेंतून द्यावयाचें क्षारजल संपत आलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं लिटरास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा ह्या प्रमाणाचें पाणी पिपांत भरून रोग्यांस पाजलें. शेंकडा तीसच्या सुमारास असलेलें मृत्यूंचें प्रमाण ३.६ वर आलें. ही तुलना कांटेकोर प्रयोगाची नव्हे, आणीबाणीची आहे. तथापि रोगी तीन हजारांवर असल्यानें ती डावलतां येत नाहीं.

आतां पेजेकडे वळूं. ग्लुकोजच्या जागीं लिटरास ५० ते ८० ग्रॅम तांदुळाचें पीठ शिजवून घातलें तर काय होतें, ह्याचे अनेक प्रयोग झाले, आणि त्यांपैकीं तेरांचा एकत्र विचार १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. पटकीच्या रोग्यांत पहिल्या चोवीस तासांतील रेचांचें मान मोठ्या माणसांत शेंकडा ३६ नें व मुलांत ३२ नें कमी भरलें. इतर अतिसारांत हा फायदा बराच कमी होता. म्हणजे ओर्तानें वर्णिलेल्या पेजेस पटकीच्या बाबतींत आधार मिळाला, पण एका अटीवर. ती अट मिठाची. ओर्ता मिरीं-जिरें सांगतो, मिठाचें नांव घेत नाहीं. बिनमिठाची पेज पाणी पुरवील, गेलेला क्षार भरून काढणार नाहीं. आणि मूठभर मीठ टाकलें तर लहान मुलाचा जीव धोक्यांत येईल. शिरोड्याचें मीठ आणि भाताच्या खाचरांतील तांदूळ एका कोसाच्या आंत होते. अडलें तें प्रमाणापाशीं. आज दवाखान्यांत रोग्याची कातडी चिमटींत धरून ती किती वेळानें पूर्ववत् होते, डोळे किती खोल गेले, तहान किती, हें पाहून आणि त्यास वजन करून मात्रा ठरते: मध्यम शोष असल्यास चार तासांत वजनाच्या दर किलोस ७५ मिलिलिटर.

शेवटीं शब्दाविषयीं थोडें. १५४३ सालच्या गोव्यांतील सांथीचें वर्णन गास्पर कोर्रेया देतो. मृतांची संख्या इतकी झाली कीं घंटा वाजविण्यास मनाई करण्यांत आली, आणि गव्हर्नरानें एक प्रेत चिरून पाहविलें. ह्या सांथीस तो ‘मोरिशी’च म्हणतो. ती १८१७ नंतरचीच पटकी होती काय ह्याविषयीं मतभेद आहे. लक्षणें जुळतात, पण केवळ लक्षणांवरून जंतु सिद्ध होत नाहीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. मराठींत आज मोडशी म्हणजे अजीर्ण, आणि सांथीस पटकी वा महामारी म्हणतात. तेव्हां जुन्या दप्तरांत ‘मोडशी’ आढळल्यास तिचा अर्थ एकदम पटकी असा लावूं नये. रोगी किती वेळांत गेला, घरांत आणखी कोणास लागण झाली काय, आणि त्यास काय पाजलें होतें, हा मजकूर त्याच कागदांत असल्यास तो संपादकांनीं न गाळतां छापावा.